सीमाभागातला सेट टॉप बॉक्स

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी मराठी शाळेत हयात घालवली. पण सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचून झालं की कन्नड वर्तमानपत्रही तेवढ्याच गोडीनं वाचायचे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहणाऱ्या माणसाला दोन्ही कान उघडे ठेवावे लागतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस. त्यामुळे संयोजकांनी विषय निवडायला सांगितल्यावर साहित्याच्या वाटेला न जाता मी माझ्या धंद्यातलाच विषय घेतला: ॲनालॉग दूरचित्रवाणीकडून डिजिटलकडे झालेला प्रवास. विषय कोरडा वाटेल. पण या प्रवासात बेळगाव-निपाणीच्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न कोरडा नाही.

मला जे मांडायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. एखादा देश डिजिटल झाला की नाही, हे जुनं प्रक्षेपण कोणत्या तारखेला बंद केलं यावरून ठरवू नये. सगळ्यात गरीब, सगळ्यात आडबाजूच्या घराला आपल्या भाषेत आपल्या कामाची बातमी मिळते का, यावरून ठरवावं. या कसोटीवर बहुतेक विकसनशील देश अडखळले आहेत. सीमाभागाची अडचण त्याहून एक पायरी पुढची आहे, कारण इथल्या घराला एका नव्हे, दोन भाषांतली आणि दोन राज्यांतली बातमी लागते.

आधी तंत्र थोडक्यात पाहू. ॲनालॉग पद्धतीत चित्र आणि आवाज लहरींच्या चढउतारात भरून पाठवत. एका वाहिनीला 7 किंवा 8 मेगाहर्ट्झची पट्टी लागे. लहर अशक्त झाली की पडद्यावर मुंग्या येत, आवाज खरखरे, पण बातमी कळायची. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात आणि ते दाबून बसवता येतात. तेवढ्याच पट्टीत दहा-बारा साध्या दर्जाच्या वाहिन्या मावतात. चित्र लख्ख दिसतं. मात्र लहर ठरावीक मर्यादेखाली गेली की चित्राचे चौकोन होतात, ते गोठतं आणि पडदा काळा पडतो. अर्धवट दिसणं हा प्रकार डिजिटलमध्ये जवळपास नाहीच. शहरात याचं काही वाटत नाही. डोंगराआडच्या वाडीत मात्र कसंबसं दिसणं आणि काहीच न दिसणं यात फार मोठं अंतर असतं.

सरकारांना हा बदल हवा होता याचं एक कारण चित्राच्या दर्जाशी संबंधित नव्हतंच. दूरचित्रवाणीनं अडवलेल्या पट्ट्या मोकळ्या झाल्या की त्या मोबाइल कंपन्यांना विकता येतात. आपल्याकडे 700 मेगाहर्ट्झची पट्टी 2016 च्या लिलावात मांडली, तेव्हा किंमत पाहून कुणी हात लावला नाही. 2022 च्या लिलावात ती विकली गेली. म्हणजे या बदलात वाहिन्यांचा फायदा होता, मोबाइल कंपन्यांचा होता आणि सरकारी तिजोरीचाही होता. प्रेक्षकाचाही होता, पण सेट टॉप बॉक्सची पेटी विकत घेण्याचा खर्च त्याच्याच माथी आला. हा खर्च कोण उचलणार, या एका प्रश्नावर जगभरचे बेत फिसकटले.

2006 मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदेत युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या देशांनी करार केला आणि 17 जून 2015 ही मुदत ठरवली. लक्झेंबर्गनं त्याच वर्षी ॲनालॉग बंद करून टाकलं. छोटा, श्रीमंत देश, त्याला ते जमलं. ब्रिटननं 2007 मध्ये व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात केली आणि एकेक प्रदेश घेत 2012 मध्ये काम संपवलं. वृद्ध आणि अपंगांच्या घरी पेटी बसवून देणारी योजनाही सोबत राबवली. अमेरिकेनं घरटी 40 डॉलरची दोन कूपनं दिली. तरी कूपनांसाठी रांग लागली आणि फेब्रुवारी 2009 ची तारीख 12 जूनवर ढकलावी लागली. श्रीमंत देशातही शेवटचा माणूस तयार नव्हता, एवढं त्यातून दिसलं.

आता आफ्रिकेकडे पाहा. केनियात फेब्रुवारी 2015 मध्ये ॲनालॉग बंद झालं तेव्हा तीन मोठ्या खासगी माध्यमसमूहांच्या वाहिन्या जवळजवळ तीन आठवडे पडद्यावरून गायब होत्या. नव्या प्रक्षेपणाची यंत्रणा कुणाच्या हातात राहावी, यावरचं ते भांडण होतं. दक्षिण आफ्रिकेनं गरीब घरांना पेट्या देण्याचं वचन दिलं, पण वाटप रखडलं आणि मुदतीवर मुदत पडली. अखेर जून 2022 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सरकारनं ठरवलेली तारीख रद्द केली. तारीख ठरवण्याआधी संबंधितांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं नाही, हे त्यामागचं कारण. आपल्यासारख्या देशांच्या दृष्टीनं हा निकाल महत्त्वाचा आहे. पडदा बंद करण्याची तारीख हा निव्वळ कार्यालयीन निर्णय नसतो, नागरिकाला माहिती मिळण्याच्या हक्काशी तिचा संबंध असतो, ही त्यातली जाणीव आपण उचलायला हवी.

भारत त्या जिनिव्हा कराराने बांधलेला नव्हता. आपल्याकडे हा प्रवास दोन वेगळ्या वाटांनी झाला. एक वाट अँटेनाची, दुसरी केबलची.

अँटेनाची वाट दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला सुरू झाली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 चं. 1980 च्या दशकात गावोगावी लहान क्षमतेचे प्रक्षेपक उभे राहिले आणि पुढे त्यांची संख्या चौदाशेपर्यंत गेली. प्रसारभारतीनं ही ॲनालॉग यंत्रणा टप्प्याटप्प्यानं मोडीत काढली आणि मार्च 2022 पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक प्रक्षेपक ठेवून बाकीचे बंद केले. कुठे निदर्शनं झाली नाहीत, कारण तोवर लोक छतावरच्या अँटेनाकडे पाठ फिरवून केबलकडे आणि डिशकडे गेले होते. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हवेतून फुकट मिळणारं डिजिटल प्रक्षेपण मुंबई, बेंगळुरू, औरंगाबाद अशा मोजक्या शहरांत सुरू झालं. निपाणी, चिकोडी, खानापूर यांच्या वाट्याला ते आलंच नाही. जुनी सोय गेली आणि तिच्या जागी त्याच जातीची नवी सोय आली नाही. तिची जागा डीडी फ्री डिश या उपग्रहावरच्या सेवेनं घेतली. 2004 मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली होती. एकदा छत्री आणि पेटी घेतली की महिन्याचं भाडं नाही.

केबलची वाट जास्त गुंतागुंतीची. 1991 च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली तारा लोंबू लागल्या. तेव्हा केबलवाला म्हणजे गल्लीतलाच एखादा होतकरू पोरगा असायचा. ॲनालॉग तारेत शंभराच्या आतबाहेर वाहिन्या मावत आणि किती घरांना जोडणी आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असे. तो वाहिन्यांना खरा आकडा सांगत नसे, वाहिन्यांचा त्याच्यावर विश्वास नसे आणि करमणूक कर बुडतो म्हणून सरकारची कुरकुर चाले. प्रत्येक घरात क्रमांक असलेली पेटी बसवली की हिशेब आपोआप उघडा होतो. 2011 च्या अखेरीस केबल डिजिटल करणं सक्तीचं करणारी दुरुस्ती केबल कायद्यात झाली, तिचं खरं इंधन हे होतं.

चार टप्पे ठरले. पहिल्यात चार महानगरं. दुसऱ्यात 38 शहरं. त्यांत पुणे, नाशिक, सोलापूर होती, तर कर्नाटकातली फक्त बेंगळुरू आणि म्हैसूर. बाकीची सगळी नागरी वस्ती तिसऱ्या टप्प्यात आणि उरलेला देश चौथ्यात. बेळगाव महापालिका आणि निपाणी नगरपालिका तिसऱ्या टप्प्यात आल्या, त्यांची मुदत 31 डिसेंबर 2015. निपाणीभोवतीची खेडी चौथ्या टप्प्यात, 31 डिसेंबर 2016. ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत अर्ज गेले, स्थगिती आली, पेट्यांचा तुटवडा पडला. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली, म्हणजे खेड्यातल्या माणसानं पेटीसाठी रोख पैसे मोजायचे त्या ऐन दिवसांत घरात चालणारी नोट उरली नव्हती. शेवटी तिसऱ्या टप्प्याला 31 जानेवारी आणि चौथ्याला 31 मार्च 2017 अशी वाढ मिळाली. टप्पे पाडताना शहराचा आकार पाहिला गेला. भाषा, उत्पन्न, भूगोल यांचा विचार त्यात नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

लहरींना राज्याची हद्द कळत नाही. 1950 पासून धारवाड आकाशवाणी आणि 1963 पासून सांगली आकाशवाणी या भागात ऐकली जाते आहे. राज्य पुनर्रचना 1956 ची. राज्याची रेघ ओढल्यानंतरही सीमाभागाचे कान दोन्हीकडे लागलेले राहिले ते या लहरींमुळे. केबलच्या काळातही हे टिकलं. 1994 मध्ये उदया टीव्ही आली, 1999 मध्ये अल्फा मराठी, 2000 मध्ये ईटीव्ही मराठी. आपल्या केबलवाल्यानं या सगळ्या तारेत सोडल्या, कारण एकाच चाळीत त्याचे मराठी गिऱ्हाईक होते आणि कन्नडही. एखादी वाहिनी गेली की लोक त्याच्या दारात जाऊन उभे राहत. कागदावर कसलाही नियम नव्हता, पण एकाच दरात दोन भाषा मिळत होत्या.

डिजिटलमध्ये वाहिन्यांची यादी मोठ्या केबल कंपन्यांच्या दूरच्या नियंत्रण कक्षात बनू लागली. गल्लीतला केबलवाला वसुली आणि दुरुस्ती करणारा एजंट झाला. 2017 च्या नियमांनुसार जोडणी शुल्कात मोठ्या कंपनीचा वाटा 55 टक्के आणि त्याचा 45, असं सूत्र ठरलं. 29 डिसेंबर 2018 पासून नवी दरपद्धत आली. शंभर वाहिन्यांसाठी हे शुल्क महिन्याला कमाल 130 रुपये, वस्तू व सेवा कर धरून 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. पुढे 130 रुपयांत दोनशे वाहिन्या झाल्या आणि 2024 मध्ये शुल्कावरची कमाल मर्यादाच उठवली गेली. तत्त्व चांगलं होतं: पाहाल त्याचे पैसे द्या. पण कंपन्यांनी पॅकेज बांधली ती राज्य आणि भाषा पाहून. एका बाजूला कन्नड पॅक, दुसऱ्या बाजूला मराठी पॅक. पुण्यातलं घर एक घेतं, हुबळीतलं एक घेतं. निपाणीतल्या घरात आजीला मराठी मालिका हवी, कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाला कन्नड कार्यक्रम हवा, बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सगळ्यांनाच कन्नड बातम्या हव्यात. या घरानं दोन पॅक घ्यायचे आणि दोन्हींचे पैसे भरायचे.

हा भुर्दंड कुणावर पडतो ते पाहा. निपाणी हे तंबाखूचं आणि विड्यांचं गाव. घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांची कमाई हजार विड्यांच्या दरावर मोजली जाते. हात सुपातल्या पानांवर आणि डोळे मधूनमधून पडद्यावर, अशी त्यांची दुपार. त्या बाईला महिन्याचं रिचार्ज म्हणजे मजुरीचा मोजता येण्याजोगा तुकडा. पूर्वी पैसे थकले तर केबलवाला पुढच्या बाजारापर्यंत थांबायचा. आता मुदत संपली की पेटी आपोआप बंद पडते.

करमणुकीचं एक वेळ सोडा, पुराचं घ्या. वेदगंगा भुदरगडातून येते, दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण आहे. दोन्ही नद्या कोल्हापूर जिल्ह्यातून आपल्याकडे उतरतात आणि पुढे एक होऊन कृष्णेला मिळतात. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला. अशा वेळी निपाणी तालुक्यातल्या माणसाला वरच्या धरणातून किती विसर्ग सुटला हे मराठी बातम्यांतून कळतं. शाळेला सुट्टी आहे का, निवारा केंद्र कुठे आहे, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, हे बेळगावच्या जिल्हा प्रशासनाकडून, म्हणजे मुख्यत्वे कन्नडमधून येतं. एक बातमी चुकली तर जनावरं वाहून जातील, दुसरी चुकली तर भरपाई बुडेल. पडद्यावर एकच भाषा ठेवण्याची चैन या गावांना परवडत नाही.

दुसरं उदाहरण शाळेचं. करोनाच्या पहिल्या वर्षी, 2020 च्या जुलैत, कर्नाटकानं डीडी चंदनावर ‘संवेद’ हे वर्ग सुरू केले, तर महाराष्ट्रात डीडी सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. दोन्ही उपक्रम स्तुत्य. पण सीमाभागातल्या मराठी शाळेतलं मूल कर्नाटकाचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतं. चंदनावर त्याच्या राज्याचा अभ्यासक्रम होता, पण शिकवणं प्रामुख्यानं कन्नडमधून. सह्याद्रीवर त्याची भाषा होती, पण धडे महाराष्ट्राच्या बालभारतीचे. फ्री डिशवर दोन्ही वाहिन्या फुकट दिसत होत्या, चित्रही स्वच्छ होतं. तंत्र आपलं काम करत होतं, तरीही त्या मुलाचा वर्ग कोणत्याच वाहिनीवर भरला नाही. वाहिन्यांची संख्या वाढली म्हणजे प्रत्येकाची गरज भागतेच असं नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

इथे मी जुन्याचे गोडवे गातो आहे असा समज होऊ नये. ॲनालॉग केबलमध्ये प्रेक्षकाला हक्क असा नव्हताच, केबलवाल्याची मर्जी होती. भाषेवरून वातावरण तापलं की एका केबलवाल्यावर दबाव आणून एखादी वाहिनी बंद पाडणं सोपं होतं. उपग्रहावरून थेट छत्रीत उतरणाऱ्या वाहिनीला तसं अडवता येत नाही. आज निपाणीतला माणूस ठरवेल ती वाहिनी ठरवेल त्या भाषेत सुटी घेऊ शकतो, ही डिजिटलची देणगी आहे. सह्याद्री आणि चंदना एकाच पेटीत, भाड्याविना, ही तर या बदलातली सगळ्यात लोकोपयोगी गोष्ट म्हणावी लागेल. माझं म्हणणं एवढंच, की जे तंत्र दोन भाषा सहज देऊ शकतं, ते व्यवहारात दोन भाषांचा दंड का आकारतं?

काही नुकसान मात्र निखळ आहे. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन, नगरपालिकेची निवडणूक हे सगळं पूर्वी गल्लीतल्या केबलवर स्थानिक पोरं थोड्या भांडवलात दाखवायची. ॲनालॉगला एक कॅमेरा आणि एक मॉड्युलेटर पुरत असे. आता स्थानिक वाहिनीला दूरच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोचावं लागतं, तिथली जागा आणि नियम सांभाळावे लागतात. बरीच पोरं मोबाइलवरच्या चित्रफितींकडे वळली. बातमी वेगानं पसरते, पण ती कुणी तपासली हे कळत नाही.

दुसरं नुकसान पेट्यांचं. एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीला चालत नाही. कंपनी बदलली की जुनी पेटी माळ्यावर आणि मग भंगारात. कोणतीही पेटी कुठेही चालावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानं एप्रिल 2020 मध्ये सरकारला केली. मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, मग पेटी न बदलता का येऊ नये? गरीब घराच्या दृष्टीनं ही शिफारस अमलात येणं शंभर नव्या वाहिन्यांपेक्षा मोलाचं आहे.

मग करायचं काय? तीन मागण्या मांडतो. सीमाप्रश्नावर कुणाचं मत काहीही असो, त्या दोन्ही बाजूंच्या माणसाला पटाव्यात अशा आहेत.

पहिली, द्विभाषिक पॅकची. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा अधिक आहेत, तिथे सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेत मिळावीत, हे तत्त्व आपल्या देशात मान्य झालेलं आहे. तोच निकष दूरचित्रवाणीला लावा. अशा तालुक्यात मूळ दरातच दोन्ही भाषांच्या प्रमुख वाहिन्या देणारा एक पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक करा. बेळगावात मराठी-कन्नड, सोलापूर-अक्कलकोटात कन्नड-मराठी, आणि देशातल्या प्रत्येक सीमेवर त्या त्या भाषा. कन्नड भाषकाला महाराष्ट्रात जे मिळावं असं आपण म्हणू, तेच मराठी भाषकाला इथे मिळावं.

दुसरी, प्रसारभारतीकडे. पावसाळ्याच्या महिन्यांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या खोऱ्यांसाठी सह्याद्री आणि चंदना यांनी मिळून दोन्ही भाषांत रोजचं पूरवार्तापत्र द्यावं. यासाठी नवा उपग्रह लागत नाही आणि नवा प्रक्षेपकही लागत नाही. दोन केंद्रांनी एकमेकांशी बोलायला हवं, बस.

तिसरी मागणी तुमच्या-माझ्याकडे. नव्या पद्धतीत निवडीचा हक्क ग्राहकाचा आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी कंपनीनं लावून दिलेला पॅक कधी उघडून पाहिलेलाही नाही. गावोगावच्या वाचनालयांनी आणि तरुण मंडळांनी एक टेबल मांडावं. आठवड्यातून एक संध्याकाळ लोकांची बिलं पाहावीत, नको त्या वाहिन्या काढून हव्या त्या सुट्या कशा घ्यायच्या ते दाखवावं, ज्यांना रिचार्ज परवडत नाही त्यांना फ्री डिश बसवायला मदत करावी. विड्या वळणाऱ्या वस्त्यांपासून सुरुवात करावी.

डिजिटल होण्याच्या तारखा दिल्लीत ठरल्या आणि केव्हाच उलटूनही गेल्या. काम पूर्ण झालं असं मात्र मी तरी म्हणणार नाही. वेदगंगेकाठच्या एका विडी कामगार बाईच्या घरात, तिला परवडेल अशा पैशात, दोन्ही राज्यांच्या बातम्या तिला कळणाऱ्या भाषेत दिसतील, त्या दिवशी ते पूर्ण होईल. त्यासाठी सीमाप्रश्नावरच्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. या सभागृहातल्या प्रत्येकानं या आठवड्यात आपल्या शेजारच्या एका घराचं केबलचं बिल वाचून द्यावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो.